दादरचा बाजार कोणी वसवला?

प्रश्न असा आहे: दादर हे प्लेगनंतर लोकांना राहण्यासाठी आखलेलं उपनगर. मग तिथे एवढा मोठा बाजार कसा झाला? तो आराखड्यात होता का? आणि एकामागून एक जुन्या इमारती पाडल्या जात असताना तो टिकेल का?

नगररचना आणि जुन्या इमारतींचा पुनर्विकास हे माझं काम आहे. दादरमधल्या चाळी, गाळे, पोटमाळे मोजण्यात आणि भाडेकरूंच्या बैठकांत बसण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे थोडं विस्ताराने लिहितो.

आधी मुंबईच्या नकाशाकडे पाहा. शहर उत्तर-दक्षिण लांबलचक आणि रुंदीला अगदी चिंचोळं. मुख्य रस्ते, दोन्ही रेल्वे, सगळं उभं धावतं. आडवं जायचं म्हटलं की मधे रूळ आडवे येतात, आणि ते ओलांडायला पूल मोजकेच. दादरला मात्र तीन गोष्टी एकत्र आल्या. दोन वेगळ्या रेल्वेमार्गांची स्टेशनं एकमेकांना खेटून उभी राहिली, पूर्वेला ट्रामचा शेवटचा थांबा आला आणि रुळांवरून टिळक पूल गेला. मुंबईत माणूस एरवी सरळ जात राहतो, दादरला तो उतरतो, वळतो आणि वाहन बदलतो. माझ्या मते दादरच्या बाजाराचं सगळं गणित या वळण्यात आहे. बाकीची कारणं खरी आहेत, पण ती यानंतरची.

आता क्रमाने. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला आणि मुंबई अर्धी रिकामी झाली. दाटीवाटीच्या वस्त्यांमुळे रोग पसरतो अशी सरकारची खात्री झाली आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने एकीकडे जुन्या वस्त्या फोडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. दुसरीकडे शहराच्या उत्तरेला भातखाचरं आणि वाड्या ताब्यात घेऊन नव्या वस्त्यांची आखणी केली. त्यातली पाचव्या क्रमांकाची योजना दादर-माटुंग्याची, सहाव्या क्रमांकाची सायन-माटुंग्याची. आज सरकारी हिशेबात उपनगर माहीमच्या खाडीपलीकडे सुरू होतं. त्या काळच्या गिरगावकराला मात्र दादर म्हणजे शहराबाहेरचं, हवा खायला जायचं ठिकाण वाटायचं.

योजना कागदावर लवकर आली, पण घरं हळूहळू उभी राहिली. खरा वेग पहिल्या महायुद्धानंतर आला. रेल्वेच्या पूर्वेला हिंदू कॉलनी, तिच्या पलीकडे मंचरजी जोशी यांच्या पुढाकाराने वसलेली पारशी कॉलनी, मधे झाडांचे रस्ते, पाच बागा. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिलेले भूखंड, ठरलेली उंची, इमारतींमध्ये सोडलेलं अंतर. स्वतंत्र संडास-न्हाणीघर असलेला 'ब्लॉक' हा घराचा प्रकार मध्यमवर्गाला इथेच सवयीचा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकात 'राजगृह' बांधलं ते याच हिंदू कॉलनीत. जवळून जाणाऱ्या व्हिन्सेंट रोडला पुढे त्यांचं नाव मिळालं.

या आखीव पूर्वेत व्यापारासाठीही जागा ठरली होती. ती म्हणजे खोदादाद सर्कल, ज्याला सगळे दादर टीटी म्हणतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची. ट्राम दादरला पोचली तशी या चौकाला किंमत आली. चौकाच्या वळणाबरोबर वळलेले इमारतींचे दर्शनी भाग, खाली दुकानं, वर घरं. नगररचनाकाराच्या नजरेने पाहाल तर मुंबईतला हा फार विचारपूर्वक बांधलेला चौक आहे. मी विद्यार्थ्यांना तिथे घेऊन जातो तेव्हा समोरासमोरच्या इमारतींची उंची आणि वळण एकमेकांशी कसं जुळतं ते आधी बघायला सांगतो. मग खाली दुकानांकडे बघा म्हणतो.

कारण बाजार म्हणून हा चौक अपेक्षेएवढा फुलला नाही. मोठा बाजार झाला तो रुळांच्या पलीकडे, पश्चिमेला, जिथे ट्रस्टच्या आखणीचा फारसा हात लागला नव्हता.

पश्चिमेचं दादर आखलेलं नव्हतं, होत गेलं होतं. १८४५च्या सुमारास लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून माहीमचा कॉजवे झाला आणि त्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव पडलं. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या होत्या, देवळं होती, बागायत होती. वाड्यांचे तुकडे पडत गेले. जमिनीच्या मालकाने चाळ बांधली, चाळीपुढे दुकानाची रांग काढली, दोन चाळींच्या मधे गल्ली राहिली. अरुंद, लांबट भूखंड आणि त्यांना साजेसे अरुंद गाळे. रानडे रोडवरचा जुना गाळा मोजायला गेलात तर दर्शनी रुंदी आठ-दहा फूट आणि खोली तिच्या तिप्पट-चौपट असं प्रमाण वारंवार भेटतं. वर पोटमाळा, त्यात माल. अशा गाळ्यात भांडवल कमी लागतं, भाडं परवडतं आणि शंभर पावलांत दहा-पंधरा दुकानं मावतात. चालणाऱ्या गिऱ्हाइकाला हेच हवं असतं. एका दुकानात नाही जमलं तर लगेच पुढचं.

आणि गिऱ्हाईक चालतच येत होतं. पश्चिमेची लोकल सेवा १८६७ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिच्या स्टेशनांच्या यादीत दादर आहे. त्याआधी चौदा वर्षं बोरीबंदर-ठाणे मार्ग सुरू झालेला होता. दोन कंपन्या वेगळ्या, म्हणून स्टेशनं वेगळी, आणि मधे फक्त पादचारी पूल. हा वेगळेपणा इतका मुरलेला होता की दोन्ही बाजूंना एक नंबरचा फलाट होता. सगळ्या फलाटांना एकच सलग क्रमांक मिळाले ते थेट डिसेंबर २०२३ मध्ये. १९२५ ते १९२८ या काळात दोन्ही मार्गांवर विजेच्या गाड्या आल्या. गाड्यांची संख्या वाढली आणि कल्याणचा माणूस अंधेरीला, बोरिवलीचा माणूस ठाण्याला जाताना दादरला उतरू लागला. १९२०च्या दशकात टिळक पूल झाला आणि हिंदू कॉलनीतला माणूस दहा मिनिटांत रानडे रोडवर येऊ लागला. पूर्वेच्या आखीव वस्तीतला पगारदार पश्चिमेच्या बेशिस्त गल्लीत खरेदीला येतो, ही दादरची रीत तेव्हापासूनची.

पश्चिमेची वस्तीही त्याच सुमारास वाढली. १९२५ मध्ये पालिकेने माहीम पार्क खुलं केलं आणि १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. मैदानाभोवती पुढच्या दोन दशकांत तीन-चार मजली इमारतींची रांग उभी राहिली. शिक्षक, वकील, डॉक्टर, सरकारी कारकून, छापखान्यातले, नाटकातले लोक राहायला आले. यातले बरेच गिरगावातून आलेले. माणसं आली तशी त्यांची दुकानंही मागोमाग आली. पुस्तकं, पूजेचं साहित्य, मराठी पद्धतीचं उपाहारगृह, आयुर्वेदिक औषधं, कापड. मामा काणे यांचं स्वच्छ उपाहारगृह तर १९१०चं, म्हणजे या सगळ्या वाढीच्या आधीपासून स्टेशनाजवळ उभं होतं.

पण दादरचं गिऱ्हाईक फक्त पांढरपेशा होता असं समजणं चूक ठरेल. दक्षिणेला परळ-लालबागच्या गिरण्या, शेजारी कोहिनूर मिल, पूर्वेला नायगावच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी. १९२०च्या दशकात मुंबईत चार ठिकाणी मिळून २०७ बीडीडी चाळी बांधल्या गेल्या, त्यातली एक जागा नायगाव. गिरणीत पगार झाला की कामगार कापड, भांडी, गावी पाठवायच्या वस्तू घ्यायचा. हिंदमाताचा स्वस्त कापडबाजार त्याच्या बेताने वाढला. रानडे रोड आणि हिंदमाता यांच्यात चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, पण दोन वेगळे खिसे. दादर दोघांचंही होतं, आणि वडापाव हा त्याचा पुरावा म्हणता येईल. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६च्या सुमारास पावात वडा घालून विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. धावत गाडी पकडणारा कामगार आणि कारकून दोघांनाही ते परवडलं.

बऱ्याचदा असं गृहीत धरलं जातं, की क्रॉफर्ड मार्केट किंवा भुलेश्वर या दक्षिणेतल्या जुन्या बाजारांना दादरने मागे टाकलं. तशी ती स्पर्धा नव्हती. घाऊक व्यापार दक्षिणेतच राहिला. दादरने मिळवलं ते वेगळं. मराठी कुटुंबाची सणासुदीची आणि लग्नाची खरेदी दादरला आली. का आली, हे नीट पाहण्यासारखं आहे.

१९६० नंतर मराठी मध्यमवर्ग दादरच्याही पुढे सरकला. जागा परवडेना म्हणून मध्य रेल्वेवर मुलुंड, ठाणे, डोंबिवली आणि पश्चिमेवर पार्ले, गोरेगाव, बोरिवली. एकाच घरातला एक भाऊ डोंबिवलीला, दुसरा बोरिवलीला. नवरा मुलगा ठाण्याचा, मुलगी कांदिवलीची. लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडच्या मंडळींनी भेटायचं कुठे? दोन्ही मार्गांवरून एकाच गाडीने, न बदलता पोचता येईल अशी जागा एकच. 'सकाळी अकराला दादरला भेटू' हे वाक्य मराठी घरांत इतक्या वेळा बोललं गेलंय की दादर हे घराबाहेरचं दिवाणखान्याचं दालन होऊन बसलं.

बस्त्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे बाजाराची रचना कळेल. मंडळी साडीच्या दुकानात गादीवर बसतात. नवरीच्या आत्याला शालू दाखवतात, मग मानपानाच्या साड्या गठ्ठ्याने निघतात. कोणाला किती रुपयांपर्यंतची, याची यादी मावशीच्या पर्समध्ये. विक्रेता पदर खांद्यावर टाकून दाखवतो, नाकारलेल्या साड्यांचा ढीग गुडघ्याएवढा होतो. तिथून बाहेर पडलं की ब्लाउजचं अस्तर आणि फॉल-पिको शेजारच्या गल्लीत. पुढे मुंडावळ्या, बाशिंग, रुखवताचं सामान. सोनाराकडे मंगळसूत्राच्या वाट्या. पत्रिका छापायला टाकायची ती त्याच फेरीत. मधेच भूक लागते म्हणून साबुदाणा वडा, पीयूष. शेवटी फुलांची चौकशी. हे सगळं पायी, एका स्टेशनाच्या भोवती, जवळजवळ हाताच्या अंतरावर. साड्यांचं दुकान कितीही मोठं असलं तरी त्याला शेजारच्या पिकोवाल्याची, बांगडीवाल्याची, खानावळीची गरज असते. एखाद्या मॉलला हे जमवायचं तर पिकोवाल्याला परवडेल असं भाडं ठेवावं लागेल, आणि ते कोणताही मॉल ठेवत नाही.

फुलांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बाजार रस्त्यावर कसा बसतो हे तिथे उघड दिसतं. स्टेशनाच्या पश्चिमेला सेनापती बापट मार्ग, जुना तुळशी पाइप रोड. विहार-तुळशीकडून येणाऱ्या पाण्याच्या नळाच्या कडेने झालेला म्हणून ते नाव. पहाटे, शहर झोपेत असताना इथे व्यापार सुरू होतो. पुणे, सातारा, नाशिककडचा झेंडू आणि शेवंती ट्रकने येतात. वसईचा मोगरा, चाफा आणि सोनटक्का टोपलीतून लोकलच्या मालडब्यातून उतरतो. कसारा, कर्जत, पालघरच्या बाजूच्या आदिवासी बाया आंब्याचे टाळे, बेल, दूर्वा, केळीचे खांब, दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन येतात. हरतालिकेच्या आदल्या दिवशी पत्री घेऊन फुटपाथवर बसलेल्या बाईकडे पाहा. तिच्याकडे तराजू नसतो, वाटे करून ठेवलेले असतात. आघाडा, धोत्रा, शमी, डोरली एकेका जुडीत बांधलेली, आणि कोणती पानं कशाची हे ती मागणाऱ्याला सांगते. तिची जागा रेल्वेने ठरवली आहे. पहिल्या गाडीने येऊन माल विकून दुपारच्या आत परत जाता येईल अशी दुसरी जागा मुंबईत तिला नाही. पालिकेची मीनाताई ठाकरे फूल मंडई उभी आहे, तरी रस्त्यावरचा व्यापार कमी झालेला नाही, त्याचं कारण हेच. मंडईत गाळा घेणारा व्यापारी वेगळा आणि रोज टोपली घेऊन येणारी बाई वेगळी.

भाजीचंही काहीसं तसंच. १९८०च्या दशकापासून कांदा-बटाटा आणि १९९६ मध्ये भाजी-फळांचा घाऊक बाजार वाशीला गेला. दादरची पहाटेची भाजी मात्र टिकून आहे, कारण उपनगरांतले किरकोळ विक्रेते गाडीने येऊन पाटी भरून परत जातात. आणि संध्याकाळी नोकरीवरून परतणाऱ्या बाया इथे उतरून निवडलेली मेथी, सोललेले वाल, किसलेलं खोबरं पिशवीत टाकतात. हा धंदा दादरने फार पूर्वी ओळखला. दिवाळीचा फराळ, भाजणी, मेतकूट, सांडगे विकणाऱ्या घरगुती उद्योगांचं मोठं बळ इथल्या पगारदार बायकांच्या परतीच्या वाटेत आहे.

नाटक आणि पुस्तक हे दादरच्या बाजाराचं आणखी एक अंग. १९६५ मध्ये शिवाजी मंदिर सुरू झालं, १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होऊ लागली. तिकीट काढायला आलेला माणूस आयडियल या पुस्तकाच्या दुकानाच्या गल्लीतून पुस्तक घेऊन जायचा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं पिशव्या भरून आंबेडकरी साहित्य नेतात. मराठी पुस्तक विकलं जात नाही असं म्हणणाऱ्याने त्या दिवशी तिथे दोन तास उभं राहावं.

आता पूर्वेकडे, दादर टीटीकडे परत येऊ. १९६४च्या ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली आणि ट्राम संपली. टर्मिनस गेलं, नाव राहिलं. त्यानंतर या चौकाला एसटीने तारलं. १९८२च्या दिल्लीच्या एशियाड स्पर्धांनंतर निमआराम गाड्यांना 'एशियाड' हे नाव पडलं आणि दादर-पुणे ही त्यांची मुख्य वाट झाली. पुढे शिवनेरी आणि खासगी बसवाले. बॅगा, प्रवासी सामान, खाणावळी, लॉज असा प्रवाशांचा बाजार टीटीला राहिला. पण चौकावर उड्डाणपूल आला आणि गाड्या वरून निघून गेल्या. उड्डाणपुलाखाली सावली, धूळ आणि पार्किंग असतं. रस्ता ओलांडणारा माणूस घाईत असतो, दुकानाच्या काचेकडे बघत नाही. जवळचं चित्रा चित्रपटगृह २०१९ मध्ये बंद झालं. इतक्या विचाराने बांधलेला चौक वाहनांना मोकळी वाट करून देण्यासाठी मोडला गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नियोजनाच्या अभ्यासात मी हे उदाहरण नेहमी देतो. पश्चिमेच्या गल्ल्यांना उड्डाणपुलाचा वर्मी फटका बसला नाही, म्हणून त्या जगल्या.

पश्चिमेलाही आघात झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या परत नीट चालू झाल्याच नाहीत आणि बाजाराचा एक खिसा रिकामा झाला. हिंदमाताच्या दुकानदारांना हे आधी कळलं. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत प्लाझा चित्रपटगृहाजवळ स्फोट झाला आणि माणसं गेली. २००५ मध्ये कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. ज्या जमिनीवर कामगार राबत होते तिथे टोलेजंग इमारत आली. तिच्यातला माणूस गाडीने तळघरात उतरतो. त्याला रानडे रोडशी देणंघेणं नाही.

मग जुनी दुकानं इतकी वर्षं टिकली कशी? याचं उत्तर भाडेनियंत्रणात आहे. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधून ठेवली. कागदावर पगडी, म्हणजे भाडेहक्क देताना एकरकमी पैसे, घेणं गुन्हा होता, व्यवहारात गाळा पगडीवरच हातोहात फिरायचा. दुकानदाराने एकदा पगडी दिली की महिन्याचं भाडं चहापाण्याएवढं. त्यामुळे कमी नफ्याचा धंदाही मोक्याच्या जागी चालू राहिला. दुसरी बाजू अशी की मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि इमारती खंगल्या. १९९९च्या कायद्याने पगडी अधिकृत केली, वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली आणि बँका तसंच एक कोटी व त्याहून अधिक भांडवलाच्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेतलं. छोट्या दुकानदाराचं संरक्षण राहिलं. माझ्या मते दादरचा बाजार आज आहे तसा दिसतो त्यात या एका तरतुदीचा मोठा वाटा आहे.

फेरीवाल्यांचा प्रश्न निघाल्याशिवाय दादरची चर्चा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये फेरीवाल्यांसाठी क्षेत्रं आखून द्यायला सांगितलं. २०१४ मध्ये देशव्यापी कायदा झाला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसं दगावली, आणि त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. चालायला जागा हवी हे खरं, आणि मी त्यात तडजोड करणार नाही. पण १५० मीटरची रेघ ओढून प्रश्न सुटत नाही. रुंदी मोजून, एका बाजूला चालायची वाट पूर्ण मोकळी ठेवून दुसऱ्या बाजूला ठरलेल्या जागा देणं हे जमण्यासारखं आहे. कबुतरखान्याचा चौक घ्या. स्टेशनाकडून येणारा जावळे मार्ग, भवानीशंकर रोड आणि न. चिं. केळकर मार्ग तिथे भेटतात. २०२५ मध्ये कबुतरांना दाणे घालण्याच्या बंदीवरून मोठा वाद झाला, जागा ताडपत्रीने झाकली गेली. आरोग्याचा प्रश्न गंभीर होता, बंदीला माझा पाठिंबाच आहे. त्या गडबडीत चालणाऱ्यांसाठी तो चौक कसा असावा, यावर मात्र कोणी बोललं नाही.

आता शेवटच्या प्रश्नाकडे येतो: हा बाजार टिकेल का? मे २०२५ मध्ये भुयारी मेट्रो दादरपर्यंत येऊन पोचली. तिचं स्टेशन प्लाझा-सेनाभवनच्या बाजूला, रेल्वे स्टेशनापासून चालत अंतरावर आहे. म्हणजे उतरणाऱ्या माणसांचा आणखी एक उगम त्या भागात तयार झाला. बाजारासाठी ही फार चांगली गोष्ट आहे. दोन स्टेशनांमधल्या गल्ल्यांमध्ये येत्या काही वर्षांत गर्दी वाढेल, आणि ती पायी असेल. धोका आहे तो पुनर्विकासातून.

दादर शहर हद्दीत येत असल्याने इथल्या जुन्या इमारती बहुतेक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या. त्यांचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली होतो. त्यात दुकानदाराला जुन्या दुकानाएवढं क्षेत्रफळ मिळतं. बैठकीत विकासक हे सांगतो आणि दुकानदार समाधानाने मान डोलावतो. पण नियमाचा भर क्षेत्रफळावर आहे. दुकान चालतं ते दर्शनी रुंदीवर आणि रस्त्याच्या पातळीवर. दहा फूट रुंद, तीस फूट खोल दुकानाच्या बदल्यात तेवढ्याच क्षेत्रफळाचा गाळा आत, लॉबीच्या पलीकडे किंवा पहिल्या मजल्यावर मिळाला तर कागदावर सगळं ठीक आणि धंदा बंद. त्यात नव्या इमारतीपुढे गाड्यांचा उतार, फाटक, रखवालदाराची खोली येते. रस्त्याकडे तोंड असलेली चाळीस फूट दुकानं जातात आणि तिथे भिंत येते. अशा दोन-तीन इमारती सलग झाल्या की लोक पलीकडच्या बाजूने चालायला लागतात आणि गल्ली मरते. हे मी प्रत्यक्ष होताना पाहिलं आहे.

म्हणून दुकानदारांना मी सांगतो, संमतीपत्रावर सही करण्याआधी पाच गोष्टी करारनाम्यात फुटांत लिहून घ्या. नव्या गाळ्याची दर्शनी रुंदी. तळमजल्यावर, फुटपाथशी समपातळीवर असल्याची नोंद. पायऱ्या असतील तर किती. त्या बाजूला वाहनांचं प्रवेशद्वार असणार नाही, याची हमी. आणि बांधकाम चालू असताना मिळणारी तात्पुरती जागा त्याच गल्लीत किंवा शेजारच्या गल्लीत. भाड्याचे पैसे घेऊन तीन-चार वर्षं घरी बसलेल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक परत येत नाही, हे लक्षात ठेवा. नकाशा मंजुरीला गेल्यावर बदल करून घेणं फार अवघड असतं, त्यामुळे आर्किटेक्टचा तळमजल्याचा नकाशा करारनाम्याला जोडायलाच लावा आणि त्यावर तुमच्या गाळ्याची सीमा लाल शाईने आखून सही घ्या. भाडेकरूंच्या समितीत एकही दुकानदार नसेल तर आधी तो घ्या. बहुतेक समित्या वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांच्या असतात, आणि त्यांचं लक्ष स्वाभाविकपणे खोल्यांच्या संख्येवर असतं.